जुन्या ट्रेलरची किंमत कागदावर आणताना

२०२४ च्या मार्चमध्ये आम्ही १९६७ सालचा एअरस्ट्रीम कॅरावेल विकत घेतला. सतरा फुटी, ॲल्युमिनियमचा, दोन्ही टोकांना गोलाई असलेला ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं, आत राहायची सोय असलेलं फिरतं घर. आम्ही ओहायोत राहतो आणि एअरस्ट्रीमचा कारखाना १९५२ पासून याच राज्यातल्या जॅक्सन सेंटरमध्ये आहे, त्यामुळे इकडच्या शेतांवरच्या कोठारांतून असे जुने ट्रेलर अधूनमधून बाहेर निघतात. ट्रेलर कसा शोधावा, घेताना काय बघावं, दुरुस्ती कशी करावी, यावर वाचायला पुष्कळ मिळतं. विम्याचं तसं नाही. जे मिळालं ते बहुतेक विमा विकणाऱ्यांनीच लिहिलेलं होतं, आणि मूल्यांकन करून घेणाऱ्या माणसाला त्या दिवसांत नेमकं काय काय करावं लागतं हे त्यात कुठेच नव्हतं. आमचं हे सगळं प्रकरण मार्चपासून सप्टेंबरपर्यंत चाललं. मधल्या काळात मी बऱ्याचदा गोंधळले, काही रात्री नीट झोप लागली नाही. आता पॉलिसी हातात आहे तेव्हा आठवतंय तोवर क्रमाने लिहून ठेवते.

विकणाऱ्या आजी ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या यजमानांनी १९७१ मध्ये हा ट्रेलर पहिल्या मालकाकडून घेतला होता. मुलं लहान असताना दर उन्हाळ्यात ते मिशिगनच्या तळ्यांकडे जायचे. यजमान गेल्यावर ट्रेलर कोठारात उभा राहिला तो तिथेच. सौदा १६,५०० डॉलरला ठरला. किल्ल्या देताना आजींनी एक बुटांचा खोका पुढे केला. त्यात पहिल्या मालकाचं बिल होतं, माहितीपुस्तिका होती, दुरुस्तीच्या पावत्या होत्या, आणि यजमानांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली एक वही होती: तारीख, कुठून कुठे, किती मैल, काय बिघडलं, काय बदललं. ‘हे टाकून देऊ का, तुम्हाला नको असेल तर?’ असं त्यांनी विचारलं. जुना ट्रेलर घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन की कागद मागा. विकणाऱ्याला ते रद्दी वाटत असतात, म्हणून तो आपणहून देत नाही. पुढे या खोक्याने आमचं निम्मं काम केलं.

ओहायोत वाहनाचं टायटल, म्हणजे मालकीचा दाखला, काउंटीच्या (इथल्या जिल्ह्याच्या) क्लर्क ऑफ कोर्ट्सच्या टायटल ऑफिसात नावावर होतं आणि नंबर प्लेट डेप्युटी रजिस्ट्रारच्या ऑफिसात मिळते. या दोन वेगळ्या जागा आहेत, आणि टायटल आधी. विकणाऱ्याची टायटलवरची सही नोटरीसमोर व्हावी लागते. त्यामुळे आजींनी घरी आधीच सही करून ठेवू नये असं आम्ही फोनवर दोनदा सांगितलं होतं. त्यांच्या बँकेत नोटरी होती, शनिवारी, १६ मार्चला, दुपारपर्यंत काम उरकलं. सहीनंतर तीस दिवसांत टायटल नावावर करायचं असतं, आणि विक्रीकर आपण राहतो त्या काउंटीच्या दराने तिथेच भरायचा असतो. हा भाग सोपा गेला. फक्त एक गोष्ट तेव्हा डोळ्यांखालून गेली आणि महत्त्वाची वाटली नाही: टायटलवर साल १९६६ लिहिलेलं होतं. पहिलं बिल १९६६ च्या शरद ऋतूतलं, तेव्हा विक्रीचंच साल कुणीतरी टायटलवर घातलं असणार, एवढाच विचार आम्ही केला. ही गोष्ट ऑगस्टमध्ये परत समोर आली.

मग विमा. पहिला फोन मी घराचा विमा जिथे आहे तिथे केला. घरासमोर उभी असलेली वस्तू, म्हणजे घराच्या पॉलिसीत काही ना काही येत असेल अशी माझी कल्पना होती. काही ना काही खरंच येतं. इथल्या नेहमीच्या होमओनर्स, म्हणजे घराच्या, पॉलिसीत ट्रेलरसाठी एक वेगळी मर्यादा असते, आमच्या पॉलिसीत ती १,५०० डॉलर होती. शिवाय घराच्या आवाराबाहेरून ट्रेलर चोरीला गेला तर तेही नाही. तुमच्याकडे कुठलाही ट्रेलर असेल तर आपल्या पॉलिसीतलं ते पान एकदा काढून वाचाच.

दुसरा फोन गाडीच्या विम्याला. तिथे कळलं की ट्रेलर गाडीला जोडलेला असताना त्याच्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर साधारणपणे ओढणाऱ्या गाडीची लायबिलिटी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, लागू पडते. खुद्द ट्रेलरचं नुकसान झालं तर त्यातून काही मिळत नाही. आणि कॅम्पग्राउंडवर गाडीपासून सोडवून उभा केला, पायरीवरून कुणी पडलं, तर तेही त्यात नाही. त्यासाठी व्हेकेशन लायबिलिटी नावाचं वेगळं कलम घ्यावं लागतं.

म्हणजे ट्रेलरला स्वतःची पॉलिसी हवी. एका मोठ्या कंपनीच्या आरव्ही (राहण्याची सोय असलेली वाहनं) विम्याचा फॉर्म मी भरायला घेतला आणि दुसऱ्याच रकान्यात अडकले. फॉर्मला सतरा अक्षरांचा व्हिन, म्हणजे वाहनाचा ओळख क्रमांक, हवा होता. सतरा अक्षरांची पद्धत १९८१ सालापासूनच्या वाहनांना आहे. त्याआधी प्रत्येक कारखाना आपापल्या पद्धतीने क्रमांक द्यायचा आणि तो बराच छोटा असायचा. आमचा क्रमांक घातला की फॉर्म लाल व्हायचा. इथे पुढे शून्यं लावून सतरा भरण्याचा मोह होतो, तो टाळा. क्रमांक टायटलवर आहे तसाच पॉलिसीवर यायला हवा, नाहीतर नुकसानभरपाईच्या वेळी तोच वादाचा मुद्दा होईल. जुन्या ट्रेलरसाठी वेबसाइट सोडून सरळ फोन करावा आणि ‘१९८१ च्या आधीचं वाहन आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगावं. फोनवर हे काम पाच मिनिटांत होतं.

क्रमांक टायटलशी जुळतो का हे ट्रेलरवरही पाहून ठेवा. आमच्याकडे तो दाराशेजारच्या पट्टीवर आणि पुढे हिचच्या (गाडीला जोडायच्या भागाच्या) लोखंडावर असा दोन ठिकाणी मिळाला. लोखंडावरचा रंगाच्या थरांखाली बुजला होता. नवऱ्याने रंग सोडवणारं औषध लावलं, कापडाने पुसलं, वर खडू घासला, तेव्हा आकडे उठून आले. लगेच फोटो काढून ठेवले.

फोनवरच्या बाईंनी वर्षाला १९० डॉलरचा भाव सांगितला. स्वस्त वाटला. ‘ट्रेलर पूर्ण गेला तर किती मिळतील?’ असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘ॲक्च्युअल कॅश व्हॅल्यू.’ म्हणजे त्या दिवशीची किंमत, घसारा वजा करून. पण सत्तावन्न वर्षांच्या वस्तूचा घसारा कोण आणि कसा काढणार? त्याचं उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं. ते नुकसान झाल्यानंतर त्यांचा माणूस ठरवेल.

याच आठवड्यात मी तीन प्रकार नीट समजून घेतले, आणि या सगळ्या लिखाणातला एवढाच भाग कुणी वाचला तरी मला चालेल. ॲक्च्युअल कॅश व्हॅल्यूमध्ये किंमत नुकसानीनंतर ठरते. ॲग्रीड व्हॅल्यूमध्ये ती पॉलिसी घेतानाच दोघांच्या संमतीने ठरते, आणि ट्रेलर पूर्ण गेला तर डिडक्टिबल (नुकसानीतला आपण स्वतः सोसायचा ठरलेला भाग) वगळून तेवढी रक्कम मिळते. मधला प्रकार स्टेटेड व्हॅल्यू. यात आपण सांगितलेला आकडा पॉलिसीवर छापला जातो, हप्ताही त्यावर बसतो, पण देताना कंपनी तो आकडा किंवा त्या दिवशीची किंमत यांतलं जे कमी असेल ते देऊ शकते. पॉलिसीवर २४,००० छापलेलं बघून माणूस निश्चिंत होतो. म्हणून एजंटला नुसतं ‘पूर्ण किंमत मिळेल ना’ असं विचारू नका. पॉलिसीच्या मसुद्यात ‘ॲग्रीड व्हॅल्यू’ हे शब्द कुठल्या पानावर आहेत ते विचारा आणि ते पान मागवून घ्या.

ॲग्रीड व्हॅल्यू देणाऱ्या कंपन्या मुख्यतः जुन्या मोटारींचा विमा करणाऱ्या असतात. त्यांतल्या काही जुने ट्रेलरही घेतात. एका कंपनीने एप्रिलमध्ये होकार दिला, पण त्यांना प्रत्यक्ष पाहून केलेलं लेखी मूल्यांकन हवं होतं. ट्रेलर कायम राहण्यासाठी वापरायचा नाही, भाड्याने द्यायचा नाही, आणि वापरात नसेल तेव्हा छपराखाली, कुलपात ठेवायचा, या त्यांच्या अटी होत्या. छपराची सोय आमच्याकडे नव्हती. गावाबाहेर एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये महिना ५५ डॉलरवर जागा मिळाली, पण ती जूनपासून.

मूल्यांकन होईपर्यंत काय? इथे आम्ही पहिल्या कंपनीची साधी पॉलिसीच घेतली, १९० डॉलरची. अपुरी आहे हे माहीत असूनही. मे महिन्यात एका संध्याकाळी गारपिटीचा इशारा आला, ट्रेलर घरासमोर उघड्यावर. आम्ही दोघं घरातल्या सगळ्या रजया आणि ताडपत्री घेऊन पावसात धावलो. गारा हरभऱ्याएवढ्याच पडल्या, पत्र्याला काही झालं नाही. पण ॲल्युमिनियमचा असा पत्रा एकदा गारांनी खड्डे पडून गेला की ठोकून पूर्वीसारखा होत नाही, पूर्ण तावच्या ताव बदलावे लागतात. त्या रात्री ती १९० डॉलरची पॉलिसी खिशात होती म्हणून निदान श्वास घेता आला. मूल्यांकनाच्या नादात मधले महिने विम्याशिवाय काढू नका. साधी पॉलिसी नंतर रद्द करता येते, आणि उरलेल्या काळाचे पैसे परत मिळतात का हे घेतानाच विचारून ठेवावं.

अप्रेझर, म्हणजे मूल्यांकन करणारा माणूस, शोधणं सगळ्यात अवघड गेलं. मोटारींचे अप्रेझर बरेच आहेत, पण ट्रेलर म्हटलं की नाही म्हणायचे. एकाने ‘ठरलेल्या किमतीचे दोन टक्के’ अशी फी सांगितली. तो फोन मी तिथेच संपवला. किंमत जितकी जास्त तितकी त्याची फी जास्त, मग त्या किमतीवर विमा कंपनीने विश्वास का ठेवावा? अमेरिकेत मूल्यांकनाची जी सर्वमान्य मानकं आहेत, ज्यांना यूस्पॅप म्हणतात, त्यांनुसार अप्रेझरला सहीनिशी लिहून द्यावं लागतं की त्याचा मोबदला निघणाऱ्या आकड्यावर अवलंबून नाही आणि त्या वस्तूत त्याचा काही हितसंबंध नाही. दुसरा एक जण फोटोंवरून १५० डॉलरमध्ये अहवाल द्यायला तयार होता. आमच्या कंपनीला तो चालला नसता.

शेवटी नाव मिळालं ते जुन्या ट्रेलरवाल्यांकडूनच. या लोकांचे मेळावे भरतात. टिन कॅन टुरिस्ट्स ही मंडळी तर १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टँपामध्ये सुरू झाली. एअरस्ट्रीमवाल्यांचा स्वतःचा क्लब १९५५ पासूनचा. मी एका सभासद बाईंना पत्र लिहिलं, त्यांनी दुसऱ्या दिवशी फोन करून तासभर मला समजावलं आणि दोन नावं दिली. ओळख ना पाळख, तरी एवढा वेळ दिला. ज्यांना एकटं वाटतंय त्यांनी आधी अशी माणसं गाठावीत.

त्यांतल्या एका अप्रेझरची तारीख १५ जूनची मिळाली, जवळजवळ सहा आठवड्यांनी. फी ४७५ डॉलर आणि येण्याजाण्याचे ६० डॉलर. होकार देण्याआधी मी त्यांना विचारलं: अहवाल यूस्पॅपनुसार असेल का, विम्यासाठी कोणत्या प्रकारची किंमत काढाल, तुलनेसाठी विकले गेलेले किती ट्रेलर घेता, आणि विमा कंपनीने काही दुरुस्ती मागितली तर त्याचे वेगळे पैसे लागतील का. त्यांनी शांतपणे सगळी उत्तरं दिली. वर एक सूचनाही केली: ‘मी यायच्या आधी पॉलिश करू नका.’ जुन्या पत्र्यावर कारखान्यातला पारदर्शक लेप किती उरलाय, डाग कुठे आहेत, हे त्यांना पाहायचं होतं. शिवाय चुकीचं पॉलिश करून लोक पत्रा खराब करतात, म्हणाले.

दुरुस्ती आधी करावी की मूल्यांकन आधी, यावर आमच्या घरात बरीच चर्चा झाली. नवऱ्याचं म्हणणं, जमिनीपासून सगळं नीट करून मगच बोलवू. मला वाटत होतं की तोवर दोन वर्षं जातील. शेवटी जे सुरक्षेचं आहे ते आधी करायचं ठरवलं. या ट्रेलरांच्या ॲक्सलमध्ये पोलादाच्या नळीत रबराचे दांडे असतात, तेच स्प्रिंगचं काम करतात. रबर म्हातारं होतं. रिकाम्या ट्रेलरला जॅक लावून चाक उचललं की चाकाचा दांडा खाली झुकलेला दिसायला हवा. आमचा आडवा राहिला, म्हणजे ॲक्सल संपला. नवा ॲक्सल बसवून घ्यायला १,३५० डॉलर लागले. टायर बदलले. टायरवर ‘डीओटी’ अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो. त्याच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन टायर बनला त्या आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. आमचे टायर दिसायला चांगले होते आणि चौदा वर्षांचे निघाले. गॅसच्या नळ्यांची गळतीची तपासणी आरव्ही मेकॅनिककडून करून घेतली, १२० डॉलर, आणि त्याच्याकडून लेखी घेतलं. बाकी आतलं काही हलवलं नाही.

आदल्या आठवड्यात मी बुटांच्या खोक्यातले कागद तारखेप्रमाणे लावले, प्रत्येकाची स्कॅन प्रत केली आणि एका पानावर यादी केली: कधी, काय, किती. यजमानांच्या वहीतल्या दुरुस्त्यांच्या नोंदी पावत्यांशी जुळवल्या. १९८३ मध्ये मागचा उजवा पत्रा बदलला होता हे त्यातून मला पहिल्यांदा कळलं.

१५ जूनला अप्रेझर आले ते सकाळी आठला. साठीचे गृहस्थ, गुडघ्याला पॅड बांधलेले. बरोबर टॉर्च, टोच्या, ओल मोजायचं यंत्र, काठीला लावलेला आरसा. त्यांनी दार उघडलंच नाही. आधी खाली आडवे होऊन चासी, म्हणजे खालचा लोखंडी पाया, पाहिली. मग मागच्या बंपरवर पाय देऊन हळूहळू वजन टाकलं आणि मला सांगितलं, ‘बंपर आणि वरचा पत्रा यांच्यामधल्या फटीकडे बघा.’ चासी खाली जाते आणि वरचा पत्र्याचा सांगाडा जागेवर राहतो असं दिसलं तर दोन्ही एकमेकांपासून सुटलेत, आणि ती मोठी दुरुस्ती. आमची फट हलली नाही. आमच्यापैकी कुणीही घेण्याआधी हे करून पाहिलं नव्हतं, आता कुणाचाही ट्रेलर बघायला गेलो तरी मी आधी बंपरकडे जाते.

बाहेरून एक फेरी त्यांनी नुसती पत्रे जोडणारे रिव्हेट बघत मारली. कारखान्यात बसवलेले रिव्हेट भरीव असतात, आतून एक माणूस आणि बाहेरून एक अशा दोघांनी मिळून ठोकलेले. नंतरच्या दुरुस्तीत बहुधा एकाच बाजूने बसणारे रिव्हेट वापरतात, आणि जाणकाराला फरक दिसतो. मागच्या उजव्या पत्र्यापाशी ते थांबले, ‘हा बदललाय.’ मी वहीतलं १९८३ चं पान काढून दिलं. त्यांनी ते वाचलं, फोटो घेतला आणि म्हणाले, ‘हे नसतं तर मला अपघात झाला होता का असा प्रश्न लिहावा लागला असता.’ वहीत लिहिलं होतं, फांदी पडली.

खिडक्यांपाशी ते जास्त वेळ रमले. १९६६ ते १९६८ या काळात एअरस्ट्रीमने कॉर्निंगच्या वक्र काचा वापरल्या. पत्र्याच्या वळणाबरोबर वळणाऱ्या, फिकट रंगाच्या. आता त्या मिळणं महाकठीण. आमच्याकडे एक सोडून सगळ्या मूळच्या आहेत, आणि ती एक प्लास्टिकची आहे हे मला तोपर्यंत कळलंच नव्हतं. त्यांनी नखाने टिचकी मारून आवाज ऐकवला. काचांसाठी पॉलिसीत काय लिहिलंय ते वेगळं विचारा, असं त्यांनी बजावलं. साध्या काचेचा भाव धरला तर एका खिडकीतही फार मोठा फरक पडतो.

पुढच्या गोलाईवर लाल आकड्यांचा एक फिकट झालेला क्रमांक होता. मी तो काढून टाकायच्या विचारात होते. तो क्लबचा सभासद क्रमांक असतो, आणि त्यावरून ट्रेलर कुणाचा, कुठे कुठे फिरला याचा माग लागतो. अप्रेझर म्हणाले, राहू द्या. राहू दिला.

आत गेल्यावर मात्र माझा जीव धाकधूक करायला लागला. दाराच्या आत पाऊल पडतं तिथे त्यांनी टोच्या लावला आणि तो सहज आत गेला. प्लायवुड ओल्या बिस्किटासारखं झालं होतं, हाताच्या पंजाएवढा भाग. मला वाटलं, गेलं सगळं. त्यांनी कडेकडेने टोचत जाऊन तो भाग खडूने आखला, ओल मोजली, फोटो काढला, आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, ‘या वयाच्या ट्रेलरमध्ये एवढंच निघणं चांगलं आहे. आणि अहवालात एकही दोष नसेल तर तो वाचणाऱ्याला खरा वाटत नाही.’ कपाटं, चूल, दिवे मूळचे निघाले. फ्रिज नंतरचा, गाद्यांची कापडं नवी. मूळ वस्तू जुनी आणि बंद असली तरी टाकू नका, काढून डबीत ठेवा, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते.

९ जुलैला अहवाल आला. बावीस पानं, त्यांतली दहा फोटोंची. तुलनेसाठी त्याच काळातले प्रत्यक्ष विकले गेलेले पाच ट्रेलर घेतले होते. मागितलेली किंमत त्यात कुठेही धरली नव्हती. प्रत्येकाची अवस्था आमच्यापेक्षा कुठे चांगली, कुठे वाईट, हे लिहून आकडा वरखाली केला होता. शेवटी दोन किमती होत्या: बाजारभाव २०,५०० आणि त्याच दर्जाचा दुसरा ट्रेलर विकत आणून उभा करायचा तर लागणारी किंमत २४,०००. विम्याला दुसरी लागते. वाटणी, वारसा, कर अशा कामांना पहिली. कशासाठी मूल्यांकन हवंय हे अप्रेझरला आधीच सांगायचं ते याचसाठी. आकड्यापेक्षा मला त्या पाच तुलनांनी धीर आला. उद्या कुणी विचारलं की २४,००० कुठून आले, तर दाखवायला पानं आहेत.

अहवाल शब्द न् शब्द वाचा. आमच्यात अनुक्रमांकातला एक आकडा चुकून उलटसुलट झाला होता. त्यांनी दुसऱ्याच दिवशी दुरुस्त करून पाठवला, पण तसाच विमा कंपनीकडे गेला असता तर आणखी महिना गेला असता.

महिना तरीही गेलाच. जुलैच्या शेवटी सगळं पाठवलं: अहवाल, टायटल, शेडच्या भाड्याचा करार, चारी बाजूंचे आणि आतले फोटो, गॅसचा कागद. दोन आठवडे काही उत्तर नाही. मग अंडररायटरकडून, म्हणजे विमा द्यायचा का हे ठरवणाऱ्या कंपनीच्या माणसाकडून, प्रश्न आला: टायटलवर १९६६ आणि अहवालात १९६७, खरं काय? मी खूप घाबरले, टायटल दुरुस्त करायचं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून असं वाटलं. अप्रेझरना फोन केला. त्यांना हे नवीन नव्हतं. नव्या सालाचं मॉडेल आदल्या शरद ऋतूत विकायला येतं, आणि त्या काळी टायटलवर कधी मॉडेलचं साल पडायचं, कधी विक्रीचं. त्यांनी पहिल्या बिलाची तारीख, अनुक्रमांक आणि कॉर्निंगच्या काचा यांचा आधार देऊन अर्ध्या पानाची पुरवणी लिहून दिली, वेगळे पैसे न घेता. पॉलिसीवर साल टायटलप्रमाणे १९६६ आणि शेऱ्यात मॉडेल १९६७, असं ठरलं. खोक्यातलं ते पहिलं बिल नसतं तर हे इतक्या सहज मिटलं नसतं.

६ सप्टेंबरपासून पॉलिसी लागू झाली. ॲग्रीड व्हॅल्यू २४,०००, डिडक्टिबल २५०, वर्षाचा हप्ता २६८ डॉलर, त्यात व्हेकेशन लायबिलिटी धरून. सही करण्याआधी मी फोनवर एकेक कलम विचारत बसले, नवरा शेजारी वहीत उतरवून घेत होता. ट्रेलर पूर्ण गेला तर उरलेला सांगाडा आपल्याला विकत ठेवून घेता येईल का? येईल, ठरलेली रक्कम वजा करून. गारांचे खड्डे नुसते दिसण्यापुरते आहेत म्हणून नाकारता का? नाही. रस्त्यात बंद पडला तर गाडीवर चढवून नेता की मागे ओढत? चढवून. काय येत नाही, तेही त्यांच्याच तोंडून ऐकून घेतलं: कुजणं, गंजणं, हळूहळू झिरपलेलं पाणी, उंदरांनी कुरतडणं. म्हणजे दारातली ती जमीन आमची आम्हालाच करायची होती. ऐकल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळी उत्तरं मी ईमेलने त्यांना लिहून पाठवली आणि ‘बरोबर आहे’ असं लेखी उत्तर मिळाल्यावरच पैसे भरले. आधीची साधी पॉलिसी त्यानंतर रद्द केली, जवळपास निम्मे पैसे परत आले.

ॲक्सल आणि टायर सोडले तर मूल्यांकन, येण्याजाण्याचा खर्च, गॅसची तपासणी आणि पहिला हप्ता मिळून ९२३ डॉलर झाले. शेडचं भाडं वेगळं. जुना ट्रेलर घेण्याचा हिशेब मांडताना ही रक्कम खरेदीच्या किमतीतच धरावी असं मला वाटतं, कारण ती टाळून काही वाचत नाही.

दारातली जमीन हिवाळ्यात नवऱ्याने आणि मी मिळून बदलली. कुजलेला भाग कापतानाचे, नवं प्लायवुड बसवतानाचे, कडा सील करतानाचे फोटो काढले, सामानाच्या पावत्या जोडल्या आणि मार्चमध्ये कंपनीला पाठवल्या. एवढ्या कामासाठी त्यांना नवा अहवाल लागला नाही, ॲग्रीड व्हॅल्यू २४,८०० करून दिली. पूर्ण मूल्यांकन दोन-तीन वर्षांनी पुन्हा करून घ्या असं अप्रेझरनी सांगितलंय, बाजारभाव फार हलला तर त्याआधीच. ट्रेलरमध्ये आम्ही फक्त रजिस्ट्रेशन आणि विम्याचं कार्ड ठेवतो. अहवाल, टायटल, वही आणि बिल घरात एका धातूच्या पेटीत आहेत, कारण ट्रेलर जळाला किंवा चोरीला गेला तर आतले कागदही त्याच्याबरोबरच जातील. स्कॅन केलेल्या सगळ्याची एक प्रत माझ्या बहिणीकडे पेनड्राइव्हवर आहे, आणि दर सुधारणेनंतर तिला नवी प्रत पाठवते.